बिनपायांचे कॅरिअर

दिवाळी अंकात सायकलच्या कॅरिअरवर लेख? संपादकांना मी विषय कळवला तेव्हा त्यांनाही क्षणभर वाटले असावे की मास्तरांचे काहीतरी बिनसले आहे. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाने दिवाळीत एखादी कथा द्यावी, वाचकांनी चकलीचा तुकडा मोडता मोडता ती वाचावी आणि भाऊबीजेपर्यंत विसरून जावी, ही आपली जुनी रीत. ती मोडण्याची मला हौस नाही. परंतु गेली दोन वर्षे एक गोष्ट माझ्या मनात सलते आहे, आणि ती बोलून टाकल्याखेरीज दुसरे काही लिहवत नाही. ही गोष्ट सायकलच्या मागच्या चाकावर बसणाऱ्या एका लोखंडी वस्तूची आहे. कुणी तिच्यावर दळणाचा डबा ठेवतो, कुणी पोराला बसवतो, कुणी तिच्यावर बिऱ्हाड लादून शंभर कोस जातो. ती वस्तू हल्ली लाजिरवाणी ठरली आहे. तिची बाजू घेण्यासाठी मी आज उभा आहे.

गेल्या महिन्यात भाच्यासाठी सायकल पाहायला गेलो होतो. दुकान कसले, दरबारच तो! काचेमागे सायकली अशा उभ्या होत्या की हात लावायची भीती वाटावी. त्यांतली एक मला पसंत पडली. मी विचारले, “हिला कॅरिअर कुठले बसेल?” दुकानदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी नवरीला ‘हिला दळण येते का?’ असे विचारले होते. तो म्हणाला, “सर, हिला कॅरिअर शोभत नाही.”

शोभत नाही! वाचकहो, ह्या दोन शब्दांशी माझे भांडण आहे.

भांडे पाण्यासाठी असते, चप्पल चालण्यासाठी असते आणि सायकल माणसाला त्याच्या सामानासकट पोहोचवण्यासाठी असते. सामानासकट! सामान नसलेला माणूस जगात फार थोडा वेळ असतो. सकाळी त्याचे दप्तर असते, दुपारी डबा असतो, संध्याकाळी भाजीची पिशवी असते. ज्या सायकलीला हे काहीही घेता येत नाही, ती सायकल आपल्या स्वाराला एवढेच सांगते की, ‘तू एकटा ये; हात हलवत ये; आणि कुणाचे काही आणू नकोस.’ ज्यांना असे फिरणे परवडते त्यांनी खुशाल फिरावे. परंतु तालुक्याच्या गावातल्या शेतकऱ्याच्या पोराला ती सायकल ‘टूरिंगची’ म्हणून विकली जाते, आणि घरी आणल्यावर कळते की कॅरिअरचा बोल्ट बसवायला चौकटीवर साधे भोकदेखील नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तो हाच!

माझ्या वडिलांची काळी सायकल आठवते. तिच्या पुढच्या चाकाला ३२ तारा होत्या आणि मागच्या चाकाला ४०. लहानपणी मी त्या मोजल्या होत्या, आणि करणाऱ्याने मोजण्यात चूक केली असावी असे मला वाटले होते. चूक कसली? ते शहाणपण होते. स्वाराच्या वजनाचा मोठा वाटा, साधारण साठ टक्के, आधीच मागच्या चाकावर असतो. त्यावर कॅरिअरचे ओझे पडायचे हे ज्यांनी ती सायकल बेतली त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी मागे आठ तारा जास्त दिल्या. त्या सायकलीवर आमच्या घरी ज्वारी आली, रॉकेलचे डबे आले, आणि एकदा तापाने फणफणलेली माझी आईही तिच्यावरूनच दवाखान्यात गेली. ती सायकल सुंदर होती असे कुणी म्हटले नाही. ती कुरूप आहे असेही कुणाच्या मनात आले नाही.

आता माझी कबुली. वादात आधी दुसऱ्याचे दोष काढावेत आणि आपले झाकावेत, असा शिरस्ता आहे. मी तो उलटा करतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही शाळेची सायकल-सहल काढली. नऊ मुले, दोन शिक्षक. हरिहरेश्वरहून निघायचे, बागमांडल्याला तरीत सायकली घालून पलीकडे वेश्वीला उतरायचे, केळशी, आंजर्ले, हर्णे, दापोली करीत दाभोळला यायचे, तेथून पुन्हा तरीने धोपावे, मग गुहागर, तवसाळहून जयगड, आणि शेवटी गणपतीपुळे. ज्यांनी हा रस्ता पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की तो किनाऱ्याचा म्हणवतो, पण सपाट मुळीच नाही. प्रत्येक खाडीला उतरायचे आणि प्रत्येक खाडीवरून जांभ्याच्या सड्यावर पुन्हा चढायचे. उतार इतके तीव्र की ब्रेक दाबून दाबून बोटे बधिर होतात.

मुलांपैकी चौघांच्या सायकली नव्या तऱ्हेच्या होत्या. त्यांना कॅरिअर नव्हते. पालकांनी पैसे माझ्या हाती दिले आणि मी शहरातल्या एका दुकानातून चार कॅरिअर आणले. सीटच्या दांडक्याला चिमट्यासारखे आवळायचे आणि मागे हवेत लांब राहणारे असे ते होते. दोन मिनिटांत बसते, कुठल्याही सायकलीला बसते, वजनाला हलके, दिसायला चांदीसारखे, आणि किंमत सहाशे रुपये. मी खूश झालो. कागदी खोक्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘जास्तीत जास्त ९ किलो’ असे छापलेले होते, ते मी वाचले नाही. परीक्षेत मुलांना ‘प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा’ म्हणून दरवर्षी बजावणारा मास्तर मी!

मुलांनी त्यावर १२-१३ किलो सामान बांधले. अंथरूण, कपडे, वाटेत खायचे लाडू-चिवडा. पहिले दोन दिवस काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी दाभोळच्या उतारावर एका खड्ड्यात दहावीतल्या एका मुलाचे कॅरिअर दांडक्याभोवती फिरले. ते तुटले नाही, फक्त फिरले. गोल दांडक्यावर गोल चिमटा. त्याला धरून ठेवणारे होते काय? नुसते घर्षण. सामान एका बाजूला कलंडले, पिशवी तारांत गेली, चाक जागच्या जागी थांबले आणि मुलगा पुढे फेकला गेला. त्याचे खांद्याचे हाड मोडले. डोक्यावर शिरस्त्राण होते म्हणून ह्याहून वाईट काही लिहिण्याची पाळी माझ्यावर आली नाही.

मुलाला जीपमधून दापोलीला पाठवले. बाकीच्यांना घेऊन मी खाली दाभोळात एका वेल्डिंगच्या दुकानाशी थांबलो. उरलेली तीन कॅरिअर काहीतरी करून पक्की करून घ्यावीत असा विचार होता. त्या कारागिराने एक कॅरिअर हातात घेतले, उलटेसुलटे केले आणि मला विचारले, “गुरुजी, ह्याला पाय कुठायत?”

मी म्हटले, “पाय म्हणजे?”

तो म्हणाला, “वजन खाली पोचायला नको? हे आपलं हवेत लोंबतंय.”

मी मॅट्रिकपलीकडे शिकलेलो नाही. पण तरफेचा नियम मॅट्रिकलाच असतो. त्या रात्री गुहागरला मुले झोपल्यावर मी पाठीमागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. १३ किलोचे ओझे चिमट्यापासून सरासरी २५ सेंटिमीटर मागे. चिमट्याची पकड ५ सेंटिमीटर उंच. म्हणजे पाचपट तरफ. चिमट्याच्या वरच्या व खालच्या कडेवर प्रत्येकी ६५ किलोचा जोर, आणि तोही सायकल उभी असताना! खड्ड्यात हाच जोर किती वाढत असेल ते ज्याचे त्याने ठरवावे. उलट, ज्या कॅरिअरला दोन बाजूंना दोन पाय आहेत आणि ते पाय थेट मागच्या चाकाच्या आसाशी टेकलेले आहेत, त्याच्यावरचे ओझे सरळ खाली आसावर आणि तेथून जमिनीवर जाते. वरचे दोन बोल्ट फक्त त्याला पुढेमागे कलू देत नाहीत. एवढी साधी गोष्ट! ती दाभोळच्या कारागिराला डोळ्यांनी कळली, आणि मला एका पोराचे हाड मोडल्यावर गणिताने कळली.

परतल्यावर मुलाच्या घरी गेलो. त्याची आई मला एक शब्द वाईट बोलली नाही. चहा दिला आणि एवढेच विचारले, “सर, वस्तू तुम्ही बघूनच घेतली असेल ना?” वाचकहो, ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे असे समजा.

आता ह्या प्रकरणात निरनिराळे पक्ष आहेत. एकेकाचा समाचार घेऊ.

पहिला पक्ष शोभावाद्यांचा. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ज्याला सायकल आरशासारखी पाहायची आहे त्याने ती भिंतीला टांगावी.

दुसरा पक्ष ग्रॅमवाद्यांचा. ही मंडळी तराजू घेऊन सहलीला निघतात. कॅरिअर ६०० ग्रॅमचे की ८०० ग्रॅमचे, ह्यावर ती रात्र जागवतील, आणि सकाळी दोन लिटर पाणी व किलोभर फरसाण बरोबर घेतील. त्यांचा लाडका धातू ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ते पोलादाच्या जवळजवळ एक-तृतीयांश वजनाचे असते, गंजत नाही, आणि कोकणच्या खाऱ्या वाऱ्यात हा गुण लहान नव्हे. जाड सळईचे, नीट जोडलेले ॲल्युमिनियमचे कॅरिअर दहा-बारा किलो घेऊन डांबरी रस्त्यावर वर्षानुवर्षे चालते. परंतु त्याचा ताठपणाही पोलादाच्या एक-तृतीयांशच असतो, हे ग्रॅमवादी सांगत नाहीत. म्हणजे तितकेच ताठ हवे तर ते जाड करावे लागते, आणि हलकेपणाचा बराचसा फायदा तेथेच संपतो. दुसरे असे की, पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते सोसते. ॲल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. लहान लहान धक्क्यांचीही ते मनात नोंद ठेवते आणि एके दिवशी, काही न सांगता, सांध्यापाशी तुटते. पोलाद बहुधा आधी वाकते, कुरकुरते, रंग तडकवते. आपल्याला सावध करते.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. पोलादाचे कॅरिअर तुटले तर भारतातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, बैलगाडीचे लोखंडी काम किंवा ट्रॅक्टरचा फाळ जोडणारा माणूस ते पाच मिनिटांत जोडून देतो. ॲल्युमिनियम जोडायला निराळा वायू, निराळे यंत्र आणि निराळा कसब असलेला हात लागतो. मोडल्यावर जिथे मोडले तिथेच दुरुस्त होईल अशी वस्तू घेऊन प्रवासाला निघावे. हा नियम आपल्या आजोबांना पाठ होता. बैलगाडीच्या आसाविषयी त्यांना जे कळत होते, ते आपल्याला सायकलीच्या कॅरिअरविषयी कळू नये काय?

जर्मनीतली ट्युबुस ही कंपनी क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या पोकळ नळीचे कॅरिअर बनवते. त्यातल्या काहींवर ४० किलो वजन घालता येते. म्हणजे जगातले जाणते सायकलस्वारही पोलादावरच भरवसा ठेवतात. ते कॅरिअर महाग असते, आमच्या मास्तरकीला परवडणारे नव्हे. पण पोलाद आपल्याकडेही मिळते आणि ते जोडणारे हातही आपल्याकडे आहेत.

तिसरा पक्ष सर्वांत चतुर. तो म्हणतो, “कॅरिअरच नको. सीटखाली एक लांबट पिशवी, हॅंडलला एक वळकटी, चौकटीच्या त्रिकोणात एक झोळी. झाले काम!” ह्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. दगडधोंड्यांच्या पायवाटेने जायचे असेल, सामान आठ किलोच्या आत असेल, तर ही तऱ्हा चांगलीच. हे लोक टॉमस स्टीव्हन्सचा दाखला देतात. खरे आहे, स्टीव्हन्स १८८४ साली सान फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलीवर निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात योकोहामाला पोहोचला. वाटेत आपल्या ग्रँड ट्रंक रोडवरून तो कलकत्त्यापर्यंत गेला. बरोबर काय होते? मोजे, एक जादा सदरा, तंबू म्हणूनही वापरता येईल असा रेनकोट आणि एक पिस्तूल. पण महाराज, उंच चाकाच्या त्या सायकलीला मागे वीतभर चाक होते. कॅरिअर बसवायचे तरी कुठे? त्याच्यापाशी निवड नव्हती. आपल्यापाशी आहे. शिवाय दहावीतल्या नऊ मुलांना ‘एक जादा सदरा घ्या, बाकी देव बघेल’ असे सांगून त्यांच्या आयांसमोर उभे राहण्याची छाती ह्या चतुर पक्षाने एकदा करून दाखवावी.

दाखलाच हवा असेल तर आपल्या मुंबईचा घ्या. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, १८ मार्च १९२८ रोजी परत आले. साडेचार वर्षांत ४४,००० मैल, म्हणजे सुमारे ७१,००० किलोमीटर! वाळवंट, बर्फ, जंगल. आज शहरातल्या रस्त्यावर ‘ह्या सायकलीला कॅरिअर शोभत नाही’ म्हणणाऱ्याने ह्या तिघांची आठवण करावी. पल्ला गाठणाऱ्यांनी सायकलीला ओझे वाहणारे जनावर मानले. दागिना मानले नाही. व्हिएतनामी लोकांनी तर १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत एकेका सायकलीवर दोनशे किलोपर्यंत सामान लादून डोंगर ओलांडले. ते सायकलीवर बसत नव्हते, तिला ढकलीत नेत होते, हे खरे. पण लढाई जिंकायला त्या सायकली कारणी लागल्या.

चौथा पक्ष आमच्यासारख्या जुन्या लोकांचा, आणि न्यायाने त्यालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. “बापजाद्यांचे स्प्रिंगच्या चापाचे कॅरिअर काय वाईट?” असे तो विचारतो. घरापासून गिरणीपर्यंत काहीच वाईट नाही. परंतु त्याचे पाय म्हणजे चपट्या पट्ट्या. त्या आडव्या हेलकाव्याला दाद देत नाहीत असे नव्हे, फारच दाद देतात. दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवल्या की उतारावर शेपूट डुलू लागते आणि पिशवीचा कोपरा तारांकडे सरकतो. दूरच्या प्रवासाला ते पुरे पडत नाही. जुने म्हणून सोने, हा न्याय कॅरिअरला लावू नये.

मग घ्यावे तरी कसले? ह्याचे उत्तर रोज पहाटे आपल्या दारावरून जाते. दूधवाल्याची सायकल पाहा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चौकट, तिच्यात दोन कॅन, दोन्ही सारख्या वजनाचे, आसाच्या शक्य तितके जवळ, आणि चाकापासून चार बोटे दूर. वर उंच ढीग नाही. एका अंगाला झुकाव नाही. एक कॅन रिकामा झाला तर तो दुसऱ्यातले दूध ओतून तोल सांभाळतो. पूर्वी घोड्यावरून जाणारा माणूस पडशी टाकायचा, तीच ही विद्या. युरोपात हार्टमुट ओर्टलीब नावाच्या गृहस्थाने १९८२ साली ट्रकच्या ताडपत्रीपासून सायकलीच्या पडशा शिवून विकायला सुरुवात केली. आज लांबच्या प्रवासाला निघालेल्या सायकलींवर त्या जगभर दिसतात. आपला दूधवाला मात्र त्याच्या आधीपासून हेच करीत होता, आणि त्याच्याकडे पाहून कुणी काही शिकावे असे आपल्याला कधी वाटले नाही!

तेव्हा कॅरिअर घ्यायला जाल तेव्हा माझे इतके ऐका.

पहिले म्हणजे पाय पाहा. ते आसापाशी चौकटीच्या कानाला बोल्टने बसले पाहिजेत, आणि बाजूने पाहिले असता त्रिकोण दिसला पाहिजे. मागून पाहिले तर दोन पायांना जोडणारी आडवी पट्टी असावी. चौकटीला कान नसतील तर आसावरच बसणारी जोडणी मिळते, किंवा नळीभोवती आवळायच्या रबरी अस्तराच्या पट्ट्या मिळतात. त्या दुय्यम होत, पण पाय नसण्यापेक्षा बऱ्या. डिस्क ब्रेक असेल तर त्याचे यंत्र पायाच्या आड येते. तेव्हा बाहेर वळवलेल्या पायाचे कॅरिअर घ्या. लांब बोल्ट आणि मध्ये जाड वायसर घालून वेळ मारून नेऊ नका. बोल्ट जितका उघडा, तितकी तरफ मोठी, तितका तो लवकर तुटणार.

दुसरे, बोल्ट. सगळी सहल ५ मिलिमीटरच्या चार बोल्टांवर उभी असते. वरचे दोन, खालचे दोन. त्यांना नायलॉनचे नट लावा, चेनच्या बाजूच्या बोल्टाचे टोक आत दातरी चक्राला घासत नाही हे पाहा, आणि रोज सकाळी चहाच्या आधी चारही बोल्टांना पाना लावून बघा. दोन जादा बोल्ट कॅरिअरलाच बांधून ठेवा. त्यांचे वजन ग्रॅमवाद्यांना सांगू नका.

तिसरे, टाच. पिशव्या लावून सायकलीवर बसा आणि पायडल मागे फिरवा. टाच पिशवीला लागली तर कॅरिअर लांब हवे किंवा पिशवीची कडी मागे सरकवायला हवी. हे दुकानातच पाहावे, घाटात नव्हे.

चौथे, वजन. कॅरिअरवर छापलेला आकडा वाचा. पुष्कळ कॅरिअरांवर २५ किलो असतो. तो माणसाला बसवण्याचा परवाना नव्हे. आणि कॅरिअरने २५ किलो उचलले म्हणून २८ किंवा ३२ तारांचे चाक ते उचलीलच असे नाही. आमच्या मुलांना मी आता १० किलोची मर्यादा घातली आहे, दोन्ही बाजूंना पाच-पाच, आणि निघण्यापूर्वी शाळेच्या कचेरीतल्या ताणकाट्याला प्रत्येकाची पिशवी लावतो.

आणि शेवटी एक परीक्षा, जिला एक पैसाही लागत नाही. कॅरिअर बसवल्यावर त्याचे शेपूट मुठीत धरा आणि जोराने डावीउजवीकडे हलवा. सायकल हलली पाहिजे. सायकल उभी राहिली आणि कॅरिअरच हलले, तर ते परत करा; दुकानदार काहीही म्हणो.

इतके लिहिल्यावर मुद्द्याची गोष्ट सांगतो. त्या अपघातानंतर पालकांची सभा भरली आणि ‘ह्यापुढे सायकलच्या सहली नकोत’ असे ठरले. मुले आता दरवर्षी बसमध्ये बसून जातात, खिडकीचा पडदा ओढून झोपतात आणि फोटो काढून परत येतात. आम्ही शिक्षकही सुटलो. कुणाचे हाड मोडत नाही. पण त्या तीन दिवसांत आमच्या मुलांनी खाडीची भरती-ओहोटी तरीच्या वेळापत्रकातून शिकली होती, जांभ्याचा चढ गुडघ्यांनी शिकली होती, आणि आपले सामान आपण वाहायचे असते हे पाठीला न लागू देता शिकली होती. एका खोट्या वस्तूच्या आणि एका आळशी मास्तराच्या पापाची शिक्षा सायकलीला झाली. हा न्याय मला मान्य नाही.

म्हणून यंदा मी पुन्हा पालकांपुढे जाणार आहे. बरोबर दोन वस्तू नेणार आहे: ते चांदीसारखे चकचकणारे बिनपायांचे कॅरिअर, आणि आमच्या गावच्या वेल्डरने दूधवाल्याच्या सायकलीवरून बेतून दिलेले पोलादी कॅरिअर. दोन्ही सायकलींना बसवणार आहे आणि पालकांनाच सांगणार आहे की शेपूट धरून हलवून पाहा. ज्या मुलाचे हाड मोडले त्याच्या आईने सर्वांत आधी हलवावे, अशी माझी इच्छा आहे. ती ‘नको’ म्हणाली तर मी पुन्हा विचारणार नाही.

तुमच्या घरी ह्या दिवाळीत नवी सायकल येणार असेल तर एवढेच करा. तिला ओवाळण्यापूर्वी तिची पाठ फिरवा आणि मागच्या आसापाशी वाकून पाहा. कॅरिअरला कान आहेत का? कान असतील तर पाय बसतील. नसतील तर दुकानदाराला विचारा, “ही सायकल कुठे जायची आहे?” तो हसेल. हसू द्या. त्याला सामान घेऊन कुठे जायचे नाही. तुमच्या मुलाला जायचे आहे.